वंश घडवताना समोरच्याच्या खुर्चीत बसा

ऑनलाइन खेळासाठी मी घडवलेल्या पहिल्या वंशाचं नाव कातळकर. माझं लहानपण रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर गेलं. एप्रिलमध्ये तापलेल्या जांभ्यावर पाय टेकवत नाही आणि पाऊस लागला की त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साठून बेडूक ओरडायला लागतात. त्या सड्यावर पूर्वी कुणीतरी माणसं, हत्ती, मासे कोरून ठेवलेत. हे कोरणारे लोक कसे राहत असतील, ही उत्सुकता मला शाळेत असल्यापासून होती. पुढे गणिताची शिक्षिका झाले, रात्री 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा संगणकावरचा लढाईचा खेळ खेळायला लागले, आणि त्या उत्सुकतेतून या खेळासाठी एक वंश तयार करायला घेतला. कथा, चित्रं, नावं, आकडे सगळं धरून तीन महिने गेले.

पुण्याहून माझा भाचा ऑनलाइन यायचा आणि त्या वंशाविरुद्ध खेळायचा. चौथ्या मॅचला हेडफोनवर म्हणाला, "आत्या, मी हरतोय त्याचं काही नाही गं. पण मला काही करायलाच मिळत नाहीये."

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. नवा वंश करायला घेतला की आपण त्याच्याच बाजूने विचार करत राहतो. यांना काय येतं, यांची शक्ती कोणती, यांचा राजा कसा दिसतो. ऑनलाइन खेळात मात्र या वंशासमोर दुसरं हाडामांसाचं माणूस बसलेलं असतं. त्याचा तासभर कसा जाणार हेही तुम्हीच ठरवत असता. पुढचं सगळं त्याच्या खुर्चीत बसून लिहिलेलं आहे.

उदाहरणं बहुतेक वेसनॉथमधली देते. तो मला आतून माहीत आहे आणि कुणालाही फुकट उतरवून उघडून बघता येतो. डेव्हिड व्हाइटने 2003 मध्ये सुरू केलेला हा मुक्त-स्रोत खेळ. नकाशा षटकोनी घरांचा, चाली आलटून पालटून. प्रत्येक युनिटची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. प्रोग्रामिंग येत नसलं तरी एक फाइल नक्कल करून त्यातले आकडे बदलता येतात. माझी सुरुवात तशीच झाली.

आधी शब्दाबद्दल. इंग्रजीतल्या 'रेस'ला मी वंश म्हणते. 'जात' हा शब्द कधीही वापरू नका. आपल्याकडे त्या शब्दाला जे वजन आहे ते खेळात आणायचं नसतं. त्याच कारणाने, खऱ्या माणसांचा एखादा समाज उचलून त्याचा वंश करू नका. मेंढरं राखणारे, दगड फोडणारे, जंगलात राहणारे असे लोक आपल्या आजूबाजूला आहेत, त्यांची मुलं हा खेळ खेळतात. 'या वंशाची बुद्धी 20 टक्के कमी' असं वाक्य वाचून कुणाला काय वाटेल याचा विचार करा. मी भूमी घेते, माणसं घेत नाही. कातळकरांचे गुण दगडातून आले: उन्हात तापणं, पाणी धरून ठेवणं, भेगा असणं.

आता मुख्य काम. कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा: या वंशाशी खेळताना समोरच्याला दर टर्नला कोणता प्रश्न पडतो? वाक्य जमलं नाही तर पुढे जाऊ नका, चित्रं तर मुळीच काढू नका.

वेसनॉथचे मूळचे सहा गट या कसोटीवर लावून बघा. अनडेडचा, म्हणजे मेलेल्यांतून उठलेल्यांच्या गटाचा सांगाडा समोर आला की प्रश्न असतो, माझ्याकडे योग्य हत्यार आहे का? सांगाड्यावर तलवारीचा घाव 40 टक्के कमी बसतो, भाल्याचा 60 टक्के कमी. गदा मात्र 20 टक्के जास्त लागते, आगही तशीच. नुसते भालाईत घेऊन आलेला माणूस अडकतो, गदाधारी किंवा जादूगार घेतलेला सुटतो. म्हणजे सांगाड्याचं उत्तर समोरच्याच्या खजिन्यातच आहे, त्याने ते विकत घ्यायचं आहे.

ड्रेक हे त्याच्या अगदी उलट. उडतात, आग ओकतात, कुठूनही कुठेही पोचतात, जीवही भरपूर. पण कुठल्याही भूमीवर त्यांना 30 ते 40 टक्क्यांच्या वर बचाव, म्हणजे वार चुकण्याची शक्यता, मिळत नाही. डोंगर, किल्ला, काहीही असो. इतका मोठा देह लपणार कुठे? त्यामुळे ड्रेकसमोर प्रश्न असा: तो माझ्यावर येऊन पडेपर्यंत मी रांग धरून उभा राहू शकतो का? रांग टिकली की भाल्यांनी ड्रेक मरतात, कारण भाला त्यांना जास्त लागतो. दोन गट, दोन वेगळे प्रश्न, आणि दोन्हींना उत्तर आहे.

ड्रेकच्या गटात अजून एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्यासोबत सॉरियन नावाचे सरडेमाणसं दिलेत. ते किडकिडीत, पण झाडी-दलदलीत 60 टक्के बचाव, आणि गारठ्याची जादू जाणणारे. ड्रेकची उणीव त्यांनी भरून निघते असं पहिल्यांदा वाटतं. मात्र वेसनॉथमध्ये सहा टर्नचा एक दिवस असतो. ड्रेक उजेडाचे, दिवसा त्यांचा मारा 25 टक्क्यांनी वाढतो आणि रात्री तेवढाच घटतो. सॉरियन अंधाराचे, त्यांचं बरोबर उलटं. सगळं सैन्य एकाच वेळी कधीच जोरात नसतं. समोरच्याला दिवसाही आणि रात्रीही या सैन्याचा एक अर्धा भाग मऊ सापडतो. उणीव भरून काढायची तर अशी, की भरताना दुसरीकडे फट राहिली पाहिजे.

आता माझी चूक आकड्यांत मांडते, कारण अशी चूक आकड्यांतच दिसते.

कातळकरांचा मुख्य सैनिक म्हणजे राखणदार. मी त्याला 40 जीव दिला, किंमत 15 सोनं, आणि दगडाळ घरावर 60 टक्के बचाव. शिवाय कातळ पाणी धरून ठेवतो ही कल्पना मला फार आवडली होती, म्हणून दगडाळ घरावर दर टर्नला 8 जीव आपोआप भरून यायचा. प्रत्येक गोष्ट सुटी बघितली तर वावगी नाही. बौने डोंगरात याहून चांगला बचाव घेतात, ट्रोल दर टर्नला 8 भरून काढतात.

आता समोर भालाईत ठेवा. त्याची किंमत 14, मारा 7 चा, तीन वेळा. राखणदाराचा बचाव 60 टक्के, म्हणजे वार लागण्याची शक्यता 40 टक्के. सात त्रिक एकवीस, त्याचे 40 टक्के 8.4. एका भालाइताने पूर्ण हल्ला केला की सरासरी 8.4 जीव जातो. पुढच्या टर्नला 8 भरून येतो. उरले 0.4. भाच्याला काही करायला का मिळत नव्हतं ते या एका वजाबाकीत होतं. त्याने एकावर तिघे घातले तरी पहिल्या टर्नला 25.2 जायचे, 8 परत यायचे, दुसऱ्या टर्नला पुन्हा 25.2, तेव्हा कुठे माझा 40 जिवाचा राखणदार पडायचा. 15 सोन्याच्या एका माणसासाठी 42 सोन्याची तीन माणसं दोन टर्न अडकलेली, आणि तोवर माझे बाकीचे सगळे मोकळे.

मग ट्रोल का चालतो? कारण मैदानावर त्याला 30 टक्केच बचाव आहे. दहातले सात वार त्याला लागतात, म्हणून भरून येणारे 8 त्याला पुरत नाहीत. वार चुकवणं आणि जखम भरणं हे दोन्ही गुण एकाच अंगाला दिले की ते एकमेकांना गुणतात. हा नियम माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे: दोन गुण देण्याआधी त्यांचा गुणाकार करून बघ.

दुरुस्तीसाठी मी आधी आकडे घासत बसले. जीव 40 चा 36, किंमत 15 ची 17. किमतीच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा, ती एकेक सोन्याने सरळ चढत नाही, पायऱ्यांनी चढते. सुरुवातीला 100 सोनं मिळतं. 14 ला सात सैनिक येतात, 15 ला सहा, 16 लाही सहाच, 17 ला पाच. त्यामुळे 15 वरून 16 केलं की पहिल्या टर्नला फारसं बदलत नाही, 17 केलं की एक माणूसच गायब होतो. मी 17 केली. कातळकर हरायला लागले, पण भाच्याची तक्रार तीच राहिली. त्याच्या हातात तरीही काही नव्हतं, माझ्या हातात फक्त एक सैनिक कमी झाला होता. आकडा बदलून जिंकणं-हरणं बदलतं. समोरच्याचा प्रश्न बदलायचा तर नियमच बदलावा लागतो.

शेवटी नियम असा केला: शेजारच्या घरात एकही शत्रू नसेल तरच कातळावर जखम भरते. जीव पुन्हा 40, किंमत पुन्हा 15. त्या रात्री भाचा नॉर्दर्नर्स, म्हणजे ऑर्क-गोब्लिनांचा गट घेऊन बसला होता. त्याने 9 सोन्याचा एक गोब्लिन भालेवाला आणून माझ्या राखणदाराच्या बाजूला नुसता उभा केला. हल्ला नाही, काही नाही. गोब्लिन शून्य पातळीचा, त्याला पगार लागत नाही, मेला तरी कुणी रडत नाही. पण त्याच्या नुसत्या उभं राहण्याने माझं पाणी आटलं. आता मला ठरवायचं होतं की राखणदाराला मागे घ्यायचं की गोब्लिनमागे धावायचं. आणि त्याला ठरवायचं होतं की असे किती गोब्लिन तो खर्ची घालणार. हेडफोनवर तो बराच वेळ गप्प होता. विचार करत होता. तो आवाज नसलेला मिनिट मला अजून आठवतो.

शक्ती दिली की ती मोडायची स्वस्त वाट त्याच ओळीत लिहा, हे मी इथून शिकले. वाट समोरच्याला दिसलीही पाहिजे. माहितीच्या खिडकीत दहा ओळी वाचून कळणारी उणीव उपयोगाची नाही. कातळकराच्या शेजारी शत्रू उभा राहिला की त्याच्या पायाखालचं पाण्याचं चिन्ह विझतं, एवढं मी चित्रात दाखवते.

नवीन नियम एका वंशाला एकच द्या. मला पाऊसही आणायचा होता. पावसाच्या टर्नला कातळकर वेगाने चालणार, बाकीचे रुतणार. करून बघितलं. मग लक्षात आलं की माझ्या पावसाने एल्फही रुततायत, बौनेही रुततायत, ज्या दोघांचा कातळकरांशी काही संबंध नाही त्यांच्या मॅचमध्येही नकाशाचा अर्थ बदलतोय. आपल्या वंशासाठी दुसऱ्यांच्या घरातले नियम हलवायचे नाहीत. जीव तुटला, पण पाऊस काढून टाकला.

पैशाची व्यवस्था मात्र वंशाचा स्वभाव सांगायला फार चांगली जागा आहे आणि नवखे लोक तिच्याकडे बघतच नाहीत. 2002 मध्ये आलेल्या 'एज ऑफ मिथॉलॉजी'त देवाची कृपा हे एक साधन आहे. ग्रीकांचे गावकरी मंदिरात प्रार्थना करून ती मिळवतात, इजिप्तचे लोक स्मारकं बांधून, नॉर्स लढाई करून. तीन ओळींत तीन संस्कृती. आणि समोरच्याला लगेच कळतं कुठे घाव घालायचा: मंदिराजवळच्या गावकऱ्यांवर, स्मारकांवर, किंवा नॉर्सच्या बाबतीत लढाईच टाळायची. त्याच वर्षीच्या 'वॉरक्राफ्ट 3'मध्ये नाइट एल्फांच्या चंद्रविहिरी फक्त रात्री भरतात. त्यांच्या वस्तीवर हल्ला कधी करायचा हे त्यातच आलं. वेसनॉथमध्ये सगळ्यांना सोनं मुख्यतः गावांतून मिळतं, म्हणून मी तिथे हात लावला नाही. तुमचा खेळ नवा असेल तर सुरुवात इथूनच करा, तलवारींपासून नको.

आता चाचणी. इथे माझं मत ठाम आहे आणि ते गणितातून आलेलं आहे.

सहा गट असले की आपसातल्या जोड्या 15 होतात, आणि दोन्हीकडे तोच गट अशा सहा मिळून 21. सातवा आणला की एकदम सात जोड्यांची भर. वंश एक केला, काम सात मॅचअपचं. म्हणून दोन वंश एकदम करायला घेऊ नका. सगळ्या जोड्या बरोबर अर्ध्यावर येणार नाहीत, यायची गरजही नाही. नकाशावर, दिवसाच्या वेळेवर, खेळाडूच्या हातावर बरंच अवलंबून असतं. पण एखादी जोडी बघूनच माणूस मॅच सोडून जात असेल तर ती दुरुस्त झाली पाहिजे.

लोक वीस मॅच खेळतात, 14–6 झालं की वंश भारी आहे म्हणून ओरडतात आणि त्याच रात्री आकडे बदलतात. नाणं 20 वेळा उडवून बघा. दोन अगदी तुल्यबळ वंश असले तरी कुठल्यातरी एका बाजूला 14 किंवा जास्त विजय येणं हे शंभरात अकरा-बारा वेळा होतं. एवढ्यावर काही ठरवू नका. 200 मॅचमध्ये 140–60 आलं तर ते नशिबाने आलं असं म्हणायला जागा नाही. एवढ्या मॅच घरच्या माणसांत होत नाहीत, म्हणून मी 60 वर थांबते आणि निकालासोबत समोरच्याला एकच प्रश्न विचारते: कितव्या टर्नला तुला वाटलं की आता काही होणार नाही? उत्तर पंधरावा-सोळावा असेल तर ठीक. पाचवा असेल तर जिंकल्या-हरल्याचा आकडा काहीही असो, वंश चुकलेला आहे. माझ्या वहीत निकालाच्या शेजारी हा आकडा लाल शाईने असतो.

तपासताना बाजू बदलून खेळा. माझा वंश मी 15 मॅच चालवला की पुढच्या 15 मॅच तो दुसऱ्याच्या हातात. आपल्याच वंशाविरुद्ध हरताना जे कळतं ते इतर कशाने कळत नाही.

ऑनलाइन म्हणून दोन गोष्टी वेगळ्या. खेळात घड्याळ चालू असतं. ज्या वंशाला दर टर्नला वीस लहान लहान चाली कराव्या लागतात, तो कागदावर कितीही छान असो, समोरचा माणूस नुसता वाट बघत बसतो. दुसरं म्हणजे बचावात बसून राहणारा वंश. कातळकरांना ती खोड आहेच, दगडावर चढले की उतरत नाहीत. म्हणून झाडीत त्यांना मी 30 टक्केच बचाव दिला आणि हेही बघते की नकाशावर सगळी गावं दगडाळ भागात नसावीत. सोनं हवं असेल तर त्यांना खाली उतरावंच लागेल.

चित्रांबद्दल थोडक्यात. वेसनॉथचं एक घर 72 बाय 72 पिक्सेलचं. चित्र पूर्ण झालं की ते सगळं काळ्या रंगाने भरा आणि दूर सरकून बघा. नुसत्या सावलीवरून राखणदार कोण, गोफण्या कोण आणि वाटाड्या कोण ते कळलं पाहिजे. माझा गोफण्या आधी हात खाली सोडून उभा होता, राखणदारासारखाच दिसायचा. हात डोक्यावर फिरवला तेव्हा तो गोफण्या झाला. नावं उच्चारून बघा. खेळताना माणूस बोलतो, 'वाटाड्या मागे गेला' असं सहज तोंडात आलं पाहिजे. सात अक्षरी जोडाक्षरी नाव चाट विंडोत कुणी टाइप करत नाही.

सध्या कातळकर अनडेडसमोर कमी पडतायत. 60 पैकी 22. नशिबाचा भाग वजा केला तरी हे थोडं जास्तच खाली आहे. कारण सापडलंय. अनडेडचा काळा साधक जादूने मारतो आणि वेसनॉथमध्ये जादूचा वार भूमी न बघता 70 टक्के वेळा लागतोच. 10 चे दोन वार, म्हणजे सरासरी 14. कातळावर उभं राहून मला जिथे 8 बसायला हवेत तिथे 14 बसतात, आणि ज्या 60 टक्के बचावासाठी हे लोक दगड सोडत नाहीत तो फुकट जातो. पण त्या साधकाकडे जवळून लढायचं हत्यारच नाही. त्याच्याजवळ कुणी पोचला तर तो परत मारू शकत नाही. माझा वाटाड्या तिथवर एका टर्नला पोचत नाही, एक घर कमी पडतं. त्याची चाल एकने वाढवायची आणि बदल्यात जीव तीनने कमी करायचा, असं ठरवलंय. भाचा म्हणतो अनडेड तोच घेणार, साधकासमोर सांगाड्यांची भिंत कशी लावायची हे त्याला बघायचंय. शनिवारी रात्री साडेनऊला सुरू करतोय, पुढच्या 60 पैकी पहिल्या तीन.